मालगुडी वसविणारा शंकर

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे गाव लागते. 1986-87 च्या सुमारास या गावात दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत होते. आमच्या शेजारच्या वाड्यात जो होता, त्याचा अँटेना वाऱ्याने फिरला की एकजण माळवदावर चढायचा आणि बाकीचे खालून ओरडून दिशा सांगायचे. त्या मुंग्या आलेल्या कृष्णधवल पडद्यावर आम्ही स्वामीनाथन नावाच्या मुलाला पहिल्यांदा पाहिले. 2009 च्या दिवाळीत त्याच मालिकेच्या डीव्हीडींचा संच घेऊन मी बोरीला गेलो, तेव्हा ती रंगीत होती, हे मला नव्याने कळले. आगुंब्याची ओली हिरवी झाडी आणि लाल माती आम्हा मराठवाड्यातल्या मुलांना तेव्हा राखाडीच दिसली होती. त्या वेळी न कळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे श्रेयनामावलीतले दिग्दर्शकाचे नाव. ते होते शंकर नाग.

शंकर नागरकट्टे यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1954 रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यात, होन्नावरच्या परिसरातल्या कोकणी भाषक कुटुंबात झाला. हा जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. राज्याची सीमा बदलली, पण या किनाऱ्यावरच्या माणसांची मुंबईची वाट काही बदलली नाही. थोरले बंधू अनंत आधी मुंबईला आले, रंगभूमीवर रमले आणि 1974 साली श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मधून देशभर पोहोचले. शिक्षण आटोपून शंकरही मुंबईत आला आणि मराठी नाटकांच्या तालमींत शिरला. मुंबईतल्या मराठी प्रायोगिक रंगभूमीचे ते बहराचे दिवस होते. तालमीतच त्यांची अरुंधती राव यांच्याशी गाठ पडली. पुढे दोघांनी लग्न केले.

मराठीशी त्यांचे नाते केवळ तालमींपुरते नव्हते. चापेकर बंधूंनी पुण्यात रँडवर झाडलेल्या गोळ्यांवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी '22 जून 1897' हा चित्रपट 1979 मध्ये केला. त्याच्या लेखनात शंकर नाग यांचा वाटा होता. आपल्याकडे या चित्रपटाची चर्चा अधूनमधून होते, पण या नावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कर्नाटकाने त्यांना आपले मानले, हे योग्यच. मात्र आपण त्यांना विसरलो, याचे कारण आपला आळस एवढेच असावे.

कर्नाटकात त्यांना नेले ते गिरीश कार्नाड यांनी. 1978 च्या 'ओंदानोंदु कालदल्ली' या चित्रपटासाठी कार्नाडांना एक भाडोत्री योद्धा हवा होता. कुरोसावाच्या सामुराईपटांची छाया असलेल्या या कथेत तेवीस-चोवीस वर्षांचा, रूढ अर्थाने देखणा नसलेला, घोगऱ्या आवाजाचा शंकर उभा राहिला आणि त्या पहिल्याच भूमिकेसाठी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळवून गेला. मुंबईला परतण्याचा प्रश्न मग उरला नाही.

पुढची बारा वर्षे हा माणूस ज्या वेगाने जगला, तो पाहिला की दम लागतो. चित्रपटांची संख्या ऐंशीच्या आसपास जाते. त्यातले बरेचसे हाणामारीचे, साचेबंद आणि आज विसरले गेलेले आहेत, हे मान्य करायला हवे. पण 1980 च्या 'ऑटो राजा'ने त्यांना रिक्षाचालकांच्या मनात जे स्थान दिले, ते आजही ढळलेले नाही. बंगळुरूच्या रिक्षांवर त्यांचे चित्र दिसते, रिक्षाथांब्यांना त्यांचे नाव आहे. या धंदेवाईक चित्रपटांतून आलेला पैसा ते दुसऱ्या वाटेने खर्च करीत. 'संकेत' ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि जयवंत दळवी यांची 'बॅरिस्टर' व 'संध्याछाया' ही नाटके कन्नड प्रेक्षकांपुढे आली. मुंबईच्या तालमींत जे मिळाले होते, ते असे तिकडे पोहोचले. बंगळुरूत ध्वनिमुद्रणाची अद्ययावत सोय नव्हती आणि कन्नड चित्रपटांना मद्रासवर अवलंबून राहावे लागे, म्हणून त्यांनी 'संकेत इलेक्ट्रॉनिक्स' हा स्टुडिओ काढला.

दिग्दर्शक म्हणून 'मिंचिन ओट' हा त्यांचा पहिला चित्रपट 1980 चा. 1985 च्या 'ॲक्सिडेंट'मध्ये नशेत गाडी चालवून पदपथावर झोपलेल्यांना चिरडणारा राजकारण्याचा मुलगा होता. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्टाइनबेकच्या मोत्याच्या कथेवरून त्यांनी राजकुमार यांना घेऊन 'ओंदु मुत्तिन कथे' केला. त्यासाठी पाण्याखाली चित्रीकरण करण्याचा उद्योग केला. प्रेक्षकांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली.

याच धावपळीत 'मालगुडी डेज' आली. निर्माते होते टी. एस. नरसिंहन. मूळ लेखक आर. के. नारायण यांची मर्जी सांभाळणे सोपे नव्हते. 'गाईड' या चित्रपटाने आपल्या कादंबरीचे जे केले, त्याबद्दलची नाराजी त्यांनी लिहून मोकळी केली होती. त्यांचे मालगुडी नकाशावर नव्हते. वाचकांनी ते आपापल्या मनात वसवले होते. ते प्रत्यक्ष दाखवायचे म्हणजे प्रत्येकाच्या मनातले गाव मोडण्याचा धोका. नाग यांनी शिमोगा जिल्ह्यातले आगुंबे निवडले. घाटमाथ्यावरचे, प्रचंड पावसाचे हे गाव आणि तिथला 'दोड्डमने' हा जुना वाडा त्यांना पुरेसा वाटला. रेल्वे स्थानकासाठी त्याच जिल्ह्यातले अरसाळू सापडले. सरयू नदी, मेम्पीचे जंगल, अल्बर्ट मिशन शाळा हे सारे त्या परिसरातच उभे राहिले. शीर्षकाला आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांची ती शब्दांविना गुणगुणणारी धून. ती वाजली की आमच्या गल्लीत गोट्यांचा डाव अर्धवट राही.

स्वामीच्या भूमिकेत मंजुनाथ हा मुलगा, वडील गिरीश कार्नाड, आई वैशाली कासारवल्ली. नाग यांना पहिला चित्रपट देणारे कार्नाड आता त्यांच्याच दिग्दर्शनाखाली कडक शिस्तीचे वकील झाले. 'मिठाईवाला'मधला जगन रंगवला अनंत नाग यांनी. बंधूंचे हे काम मला संचातले सर्वांत परिपक्व वाटते. लहानपणी मात्र तेच भाग कंटाळवाणे वाटले होते. आम्हाला हवा होता स्वामीच. हरताळाच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खिडकीच्या काचा फोडणारा, शाळेतून पळालेला, जंगलात वाट चुकून अंधारात भेदरलेला. वडिलांनी पैज घातल्याप्रमाणे त्यांच्या कचेरीत एकटा झोपणारा आणि भूत समजून चोराच्या पायाला कडाडून चावणारा! आमच्या लेखी ही शौर्यकथा होती. आता पाहताना जाणवते ते हे की नाग यांनी तिला शौर्यकथा होऊच दिले नाही. शूर ठरलेला मुलगा त्या रात्री पुन्हा आजीच्या कुशीत झोपायला जातो आणि कॅमेरा त्याला हसत नाही. हाणामारीच्या चित्रपटांचा हा नायक मुलांच्या भीतीकडे इतक्या हळुवारपणे पाहू शकत होता. त्रुटीही दिसतात. दक्षिणेच्या मातीतल्या माणसांची हिंदी मधूनच पुस्तकी होते, काही भाग रेंगाळतात. बरोबर बसलेला दहा वर्षांचा भाचा दोनदा उठून गेला, पण चोराच्या भागाला जागचा हलला नाही.

मालिकेनंतर नाग यांचे मन नाटक-सिनेमात पुरते मावेना. बंगळुरूला मेट्रो रेल्वे हवी, असे म्हणून त्यांनी त्याचा अभ्यास केला. नंदी टेकडीवर रज्जुमार्ग, गरिबांसाठी झटपट उभारता येणारी स्वस्त घरे, अशा योजना ते सरकारदरबारी मांडत राहिले. त्या काळी त्या हवेतल्या वाटल्या असतील. बंगळुरूत मेट्रो धावली ती 2011 मध्ये.

चंद्रशेखर कंबार यांच्या 'जोकुमारस्वामी' या नाटकावर त्यांनी चित्रपट करायला घेतला होता. चित्रीकरण बागलकोट भागातल्या लोकापूरला होते. 30 सप्टेंबर 1990 च्या पहाटे पत्नी आणि मुलीसह तिकडे निघालेल्या त्यांच्या मोटारीला दावणगेरेजवळ आनगोडू गावाशी अपघात झाला. पत्नी आणि मुलगी वाचल्या. शंकर नाग जागीच गेले. छत्तिसावा वाढदिवस महिना-सव्वा महिन्यावर होता.

अरुंधती नाग त्या अपघातातून सावरल्या आणि नवऱ्याचे बंगळुरूत नाटकांसाठी स्वतंत्र नाट्यगृह उभारण्याचे स्वप्न त्यांनी हाती घेतले. जयनगरच्या पलीकडे, जे. पी. नगरात 'रंगशंकरा' 2004 मध्ये सुरू झाले. 2006 मध्ये कविता लंकेश यांनी 'मालगुडी'चे आणखी काही भाग केले; ते पाहताना आधीच्या दिग्दर्शकाची उणीव भासते. अरसाळूचे जुने स्थानक रेल्वेने दुरुस्त करून 2020 मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय केले.

बोरीत त्या दिवाळीत शेवटची डीव्हीडी लावली, तेव्हा राजमच्या निरोपाचा प्रसंग सुरू होता. गाडी सुटते आहे, स्वामीने भेट म्हणून पुस्तक आणले आहे, रागावलेला मित्र बोलेल की नाही हे कळत नाही. तेवढ्यात वीज गेली. भाच्याने पुढे काय झाले म्हणून विचारले. मी सांगितले नाही. अंगणात बसून आम्ही दोघे वीज येण्याची वाट पाहत राहिलो.