फोड दिसायला सारखे, आजार मात्र दोन : डॉ. वॉल्टर लेव्हर यांचं काम

अंगावर पाण्याचे फोड आले की आपल्याकडे पहिलं नाव निघतं नागिणीचं. मग कुणी गेरू लावतं, कुणी मंत्र टाकणाऱ्याकडे घेऊन जातं. पण काही फोड ना नागिणीचे असतात, ना कांजिण्यांचे. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच उलटते आणि आपल्याच कातडीवर तुटून पडते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरातली माणसंच रोग्याचं ताट-वाटी वेगळी करतात.

या आजारांचा गुंता सोडवणाऱ्यांत डॉ. वॉल्टर लेव्हर यांचं नाव वरचं आहे. जन्म 1909 सालचा, जर्मनीतल्या एरफुर्ट गावचा. डॉक्टरकीचं शिक्षण जर्मनीतच झालं. 1935 मध्ये ते अमेरिकेत गेले. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी कातडीचे रोग आणि सूक्ष्मदर्शक हे दोन्ही एकत्र धरले. कातडीचा छोटा तुकडा काढायचा, काचेवर घ्यायचा आणि आत नेमकं काय बिघडलंय ते बघायचं. 1949 मध्ये त्यांचं याच विषयावरचं मोठं पुस्तक आलं.

खरं मोठं काम 1953 सालचं. तोवर मोठाल्या फोडांच्या बऱ्याच रोग्यांना सरसकट पेम्फिगस हेच नाव दिलं जायचं. गंमत अशी की त्यातले काही लवकर मरायचे आणि काही वर्षानुवर्षं जगायचे. असं का, याचा मेळ लागत नव्हता. पॅरिसचे डॉ. सिव्हाट यांनी 1943 मध्ये दाखवलं होतं की पेम्फिगसमध्ये कातडीच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. लेव्हर यांनी तोच धागा पुढे नेला आणि सांगितलं की हे दोन वेगळे आजार आहेत.

घराच्या भिंतीचं उदाहरण घ्या. पेम्फिगसमध्ये विटांमधला सिमेंटच सुटतो. म्हणून फोड पातळ, लिबलिबीत, हात लागला की फुटणारा. बऱ्याचदा सुरुवात तोंडातल्या फोडांनी होते, आणि जेवण गिळणं मुश्किल होतं. दुसऱ्यात विटा धड असतात, पण अख्खी भिंतच जोत्यावरून उचलली जाते. तो फोड टणक, सहसा म्हाताऱ्या माणसांना होणारा, आणि खाज भयंकर. या दुसऱ्याला लेव्हर यांनी बुलस पेम्फिगॉईड म्हटलं.

नाव वेगळं केल्यानं रोग्याचं काय भलं झालं, असं कुणी म्हणेल. पेम्फिगसचे बहुतेक रोगी तेव्हा दगावायचे. कातडी सोलवटून अंगातलं पाणी जायचं, जंतू शिरायचे. 1950 च्या आसपास स्टिरॉईड आलं आणि चित्र पालटलं. पण कुणाला जोरदार डोस द्यायचा आणि कुणाला कमीत भागेल, हे आजार ओळखल्याशिवाय ठरणार कसं? स्टिरॉईड हे दुधारी हत्यार. काही रोगी आजारातून वाचले आणि औषधाच्या दुष्परिणामांनी गेले. लेव्हर पुढे बोस्टनच्याच टफ्ट्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. पेम्फिगसवर त्यांनी स्टिरॉईडला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधांची जोड दिली. 63 रोग्यांचा त्यांचा अनुभव 1977 मध्ये छापून आला. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. गुंडुला शाउमबुर्ग-लेव्हर बरोबरीने होत्या. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांवरही दोघांची नावं आहेत.

लेव्हर यांनी डोळ्यांनी ओळखलेला फरक रक्तात सापडायला मात्र वेळ लागला. 1964 मध्ये ब्यूटनर आणि जॉर्डन या अमेरिकन संशोधकांनी पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच कातडीविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. 1967 मध्ये पेम्फिगॉईडमध्येही ती सापडली, पण चिकटण्याची जागा निराळी. विटांमध्ये नाही, जोत्यावर!

पेम्फिगस आपल्या देशातही दिसतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980 नंतरच्या दशकात ठरावीक दिवसांनी सलाईनमधून मोठा डोस देण्याची पद्धत सुरू केली. ती देशभर पसरली. उपचार लांबलचक असतो, आणि फोड सुकले की लोक गोळ्या मनानेच सोडतात. तिथेच घात होतो, आजार उलटतो.

लेव्हर 1992 मध्ये वारले. त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या. लिहिणारे दुसरे, पण पुस्तकावर नाव अजून लेव्हर यांचंच.