मॉन्सेन्योर दाल्गादो : शब्दांचा माग काढणारा पंडित

बार्देशातील आसगाव या गावी १८५५ साली सेबाश्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचा जन्म झाला. रायतूरच्या सेमिनारीत शिकून ते पाद्री झाले, रोमला जाऊन त्यांनी कायद्याची डॉक्टर ही पदवी संपादन केली आणि पुढे सिलोन, कलकत्ता, होन्नावर अशा ठिकाणी धर्मकार्य केले.

१८९३ साली त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईत प्रसिद्ध झाला. ज्या भाषेवर गोव्यात १६८४ च्या फर्मानाने बंदी घातली होती आणि जिला शिकलेली माणसेही चाकरांची बोली म्हणून हिणवीत, तिचा एकेक शब्द त्यांनी मोलाचा मानून वेचला. आम्हां कोंकणी बोलणारांवर हे त्यांचे ऋणच आहे.

१८९५ नंतर ते लिस्बनला राहिले व तेथे संस्कृत शिकवू लागले. आशियातील सुमारे पन्नास भाषांत पोर्तुगीज शब्द कसे रुजले, हे दाखविणारा त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला. गलबतांतून आलेला शब्द नव्या घरी आपला अर्थही पालटतो. 'त्रोंकु' म्हणजे झाडाचा बुंधा. गुन्हेगाराचे पाय ज्या ओंडक्यात अडकवीत, त्यालाही तेच नाव पडले; मग ते बंदिशाळेला चिकटले आणि आपल्याकडे त्याचा तुरुंग झाला. 'प्रातु' ही जेवणाची बशी. आपली परात मात्र कणीक मळण्याची. 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपण मात्र पगार घेतो! 'मेस्त्र' म्हणजे गुरू. तोच मिस्त्री होऊन हाती थापी घेऊन भिंतीवर चढला. (आमच्या घरी सुताराला मेस्त म्हणतात. मेस्त आणि मास्तर एकाच लॅटिन कुळातले, हे वर्गात सांगितले की मुले खुदकन हसतात.)

उतारवयात मधुमेहाने त्यांना ग्रासले आणि एकामागून एक दोन्ही पाय कापावे लागले. तरीही बसल्या जागेवरून त्यांनी समुद्रापारच्या शब्दांचा पाठलाग सोडला नाही. पोर्तुगीज भाषेत शिरलेल्या आशियाई शब्दांचा त्यांचा प्रचंड कोश १९१९ व १९२१ साली दोन खंडांत बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, लिस्बन येथे ते निवर्तले. त्यांच्या १९१३ च्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाले.