ऑर्व्हिल राइट आणि दुरुस्तीचे इमान

राइट बंधूंची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाच्या वाचनात आलेली असते. अमेरिकेतील डेटन गावी सायकलचे दुकान चालविणाऱ्या दोघा भावांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाच्या यंत्रावरून पहिले उड्डाण केले, एवढे वाक्य पाठ होते. त्यातील सायकलचे दुकान मात्र केवळ साधेपणाची खूण म्हणून वाचले जाते. थोर संशोधक होण्यापूर्वी पोटासाठी काहीतरी करणे भाग होते, म्हणून हे दोघे चाकांच्या तारा ताणीत आणि पंक्चर काढीत बसले होते, असा काहीसा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. निदान धाकट्या ऑर्व्हिलच्या बाबतीत तरी ते दुकान आयुष्यभर सुटले नाही. जुन्या यंत्राचा भाग काढावा, घासूनपुसून पाहावा, नव्या जागी जुळवून बसवावा आणि आपण काय बदलले हे विसरू नये, हा त्याचा स्वभावच होता. त्याच्या आयुष्यातील सर्वांत कडू आणि सर्वांत लांबलेले भांडणही याच प्रश्नावर झाले. जुन्या यंत्रात किती फेरफार केला म्हणजे ते जुने यंत्र राहत नाही, हा तो प्रश्न होय.

ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ चा, डेटनचाच. वडील मिल्टन हे ख्रिस्ती धर्मपंथातील बिशप. घरात पुस्तके भरपूर. पण हत्यारांशी ओळख झाली ती आईमुळे. सुसान राइट यांचे वडील गाड्या बनविण्याचा व्यवसाय करीत, आणि त्या कारखान्यात वावरलेली ही मुलगी पुढे स्वतःच्या संसारात घरगुती उपकरणे आणि मुलांची खेळणी स्वतः बनवीत असे. क्षयाने १८८९ साली त्या वारल्या. त्याच सुमारास ऑर्व्हिल शाळा अर्धवट टाकून छपाईच्या उद्योगात पडला होता. त्याने विल्बरच्या मदतीने जे मोठे छापयंत्र उभे केले, त्यात थडग्याचा एक टाकाऊ दगड आणि मोडक्या बग्गीच्या टपाचे भाग होते. मोडीतल्या वस्तूचे मूळ काम विसरून तिच्यातील गुण तेवढा पाहण्याची ही दृष्टी पुढे फार मोठ्या कामाला आली.

अमेरिकेत १८९० नंतर सायकलचे वेड शिगेला पोहोचले. पुढे माणसाच्या छातीइतके उंच चाक आणि मागे चिमुकले चाक असलेल्या जुन्या सायकलीवरून पडणे म्हणजे डोके फोडून घेणे होते. तिच्या जागी दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी लावलेली ‘सेफ्टी’ सायकल आली, तिला हवेचे टायर मिळाले, आणि कारकुनापासून शाळामास्तरणीपर्यंत सगळेच तिच्यावर बसू लागले. ऑर्व्हिलने १८९२ साली १६० डॉलर मोजून नवी कोलंबिया सायकल घेतली. विल्बरने ८० डॉलरांत जुनी ईगल घेतली. ही निवड दोघांच्या स्वभावाला धरूनच होती. हौशी धाकटा, हिशेबी थोरला. मित्रमंडळी आपल्या बिघडलेल्या सायकली घेऊन दारी येऊ लागली, तेव्हा दोघांनी जागा भाड्याने घेतली आणि १८९३ च्या हंगामापासून विक्री व दुरुस्तीचा रीतसर धंदा सुरू केला.

त्या काळी सायकल दुरुस्त करणे म्हणजे तयार सुटा भाग आणून बसविणे नव्हे. प्रत्येक कंपनीची मापे वेगळी, आटे वेगळे, छर्ऱ्यांच्या वाट्या वेगळ्या. एका सायकलीचा भाग दुसरीला बसवायचा तर तो लेथवर चढवून कातावा लागे, नाहीतर नव्याने घडवावा लागे. राइट बंधूंनी दोन जुन्या उंच चाकांच्या सायकली एकमेकींना जोडून दोघांनी चालवायची एक अजस्र सायकलही तयार केली. ती हौस होती. पण त्या हौसेतून हात तयार होत होता. दुकानातील लेथ आणि ड्रिल चालविण्यासाठी त्यांनी गॅसवर चालणारे एक सिलिंडरचे इंजिन स्वतःच बांधले. १८९६ पासून ते स्वतःच्या नावाच्या सायकली बनवू लागले. चाकाच्या हबमध्ये धूळ शिरू नये आणि तेल टिकून राहावे अशी रचना त्यांनी केली. डाव्या पेडलला उलटे आटे पाडले तर चालविताना ते आपोआप सैल होत नाही, या गोष्टीचा पुरस्कार त्यांनी १९०० साली केला. आजही कोणत्याही सायकलीचे डावे पेडल उलट्या दिशेने आवळावे लागते, हे ज्याने कधी पाना हाती धरला आहे त्याला ठाऊक असते.

उडण्याच्या प्रश्नाकडे हे दोघे वळले ते याच दुकानातून. त्या काळचे बहुतेक प्रयोगकर्ते आपोआप तोल सांभाळणारे यंत्र शोधीत होते, कारण हवेत माणसाला तोल सावरायला सवड मिळणार नाही असे त्यांना वाटे. सायकलवाल्याला ही भीती नव्हती. सायकल उभी केली तर पडते. चालविणारा क्षणोक्षणी तिला सावरतो म्हणून ती चालते, आणि वळताना ती कलवावीच लागते. विमानही असेच चालविणाऱ्याने सावरायचे, कलवायचे, ही कल्पना त्यांना सहज सुचली. १८९९ साली दुकानात ट्यूबचे एक रिकामे खोके हातात पिळताना विल्बरच्या लक्षात आले की पंखही असेच दोन टोकांना उलटसुलट पिळता येतील. १९०१ मध्ये पूर्वसूरींची कोष्टके जमेनात, तेव्हा त्यांनी सायकलीच्या हँडलवर तिसरे चाक आडवे बसविले, त्यावर लहान पृष्ठे उभी केली आणि रस्त्यावरून जोरात पेडल मारून वाऱ्याचा दाब मोजला. मग सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी घेऊन तिच्यात पंख्याने वारा सोडला. आतील नाजूक तराजू हॅकसॉची जुनी पाती आणि सायकलीच्या आऱ्यांची तार यांतून घडविलेले होते. त्या तराजूंवर सुमारे दोनशे नमुने त्यांनी पारखले.

इंजिन बांधले चार्ली टेलर या त्यांच्या दुकानातील कारागिराने, अवघ्या सहा आठवड्यांत, लेथ आणि ड्रिल एवढ्या सामग्रीवर. पाठ्यपुस्तकांत या माणसाचे नाव सहसा नसते, आणि हा अन्यायच आहे. पंख्यांना गती देण्यासाठी सायकलीच्या जातीचीच, पण जाडजूड साखळी होती. इंजिनाकडे ८ दात्यांचे चक्र, पंख्याकडे २३ दात्यांचे. आणि दोन पंखे परस्परांच्या उलट फिरावेत म्हणून एका साखळीला मध्येच पीळ दिलेला. किटी हॉकच्या वाळूत ती दातेचक्रे पुन्हा पुन्हा सैल होऊ लागली, तेव्हा टायर रिमला चिकटविण्याचे सिमेंट वितळवून त्यांनी ती पक्की केली. पुढे पंख्याच्या पोकळ दांड्याला चीर गेली. ऑर्व्हिल शेकडो मैलांचा प्रवास करून डेटनला परतला आणि भरीव पोलादी दांडे करून ११ डिसेंबरला पुन्हा वाळवंटी किनाऱ्यावर हजर झाला. सहा दिवसांनी तो स्वतः १२ सेकंद आणि १२० फूट उडाला. त्या दिवसाच्या चौथ्या उड्डाणात विल्बरने ८५२ फूट गाठले. नंतर वाऱ्याच्या झोताने यंत्र उलथून मोडले. ते पुन्हा कधीच उडाले नाही. सारा खर्च हजार डॉलरांच्या आतला. त्याच महिन्यात स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांचे यंत्र पोटोमॅक नदीत कोसळले. त्यावर सरकारी युद्धखात्याचे ५० हजार डॉलर खर्च झाले होते.

पुढील काही वर्षांचा वृत्तांत सर्वपरिचित आहे. १९०८ मध्ये फोर्ट मायर येथे ऑर्व्हिलचे विमान कोसळले, लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला आणि ऑर्व्हिलच्या पायाचे दुखणे कायमचे मागे लागले. ३० मे १९१२ रोजी विल्बर विषमज्वराने गेला. पेटंटच्या खटल्यांनी दोघांनाही पिळून काढले होते. या खटल्यांमुळे अमेरिकेतील विमानविद्येची वाढ खुंटली, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. हे दोघे आपल्या हक्काविषयी कठोर होते.

खरी गोष्ट विल्बरच्या मृत्यूनंतरची आहे. मार्च १९१३ मध्ये डेटनला महापूर आला. १९०३ चे विमान खोक्यांत भरून दुकानामागील शेडमध्ये पडले होते. ते चिखलात बुडाले. १९१६ मध्ये प्रदर्शनासाठी ऑर्व्हिलने ती खोकी उघडली. काही लाकडी पट्ट्या मोडलेल्या होत्या. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील १९०६ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दिले होते, ते परत आलेच नव्हते. त्यांच्या जागी नंतरच्या इंजिनाचे भाग बसवावे लागले. १९२७ मध्ये त्याने पंखांवरील कापड बदलले, तेही मूळच्याच छापाची मलमल मिळवून. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा, हे त्याने कधी लपविले नाही.

आता याच्या शेजारी दुसरी दुरुस्ती ठेवून पाहावी. १९१४ मध्ये पेटंटच्या दाव्याचा निकाल राइट यांच्या बाजूने लागला. त्यांचा प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस याच्याकडे स्मिथसोनियनने लँग्ली यांचे मोडके विमान सोपविले आणि पैसेही दिले. कर्टिसने पंखांचा बाक बदलला, ताणाच्या तारांची मांडणी बदलली, पंख्यांत आणि नियंत्रणाच्या साधनांत फेरफार केले, खाली तरंडे बांधले आणि सरोवरावर त्याने काही लहान झेपा घेतल्या. लगेच संस्थेने जाहीर केले की लँग्ली यांचे यंत्र मुळातच उडण्याजोगे होते. मग तेच यंत्र पूर्वस्थितीत आणून, केलेले बदल पुसून टाकून, मानवाला वाहून नेऊ शकणारे इतिहासातील पहिले यंत्र अशा पाटीखाली संग्रहालयात मांडण्यात आले. कर्टिसचे हात कुशल होते, यात वाद नाही. जुन्या यंत्रात सुधारणा करणे हाही गुन्हा नव्हे. प्रत्येक सायकलवाला तेच करतो. पण सुधारलेल्या यंत्राची करामत मूळ यंत्राच्या खात्यावर जमा करणे ही लबाडी होती, आणि ती एका विद्वन्मान्य संस्थेने करावी हे अधिकच वाईट. शिक्क्याच्या जोरावर खोटी नोंद खरी ठरते, तेव्हा तिच्यापुढे एकट्या माणसाजवळ काय उपाय असतो?

ऑर्व्हिलजवळ एकच उपाय होता. १९२८ मध्ये त्याने आपले विमान देशाबाहेर, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठविले. अमेरिकेत संताप उसळला, पण तो बधला नाही. चौदा वर्षांनी, १९४२ मध्ये, स्मिथसोनियनचे तत्कालीन प्रमुख चार्ल्स अॅबट यांनी १९१४ मध्ये केलेल्या बदलांची यादी छापून जुने विधान मागे घेतले. ऑर्व्हिलची मागणी तेवढीच होती. युद्ध संपल्यावर विमान परत पाठवावे, असे त्याने लंडनला कळविले.

एवढ्या इमानाचा हा माणूस माणसांच्या बाबतीत मात्र तसा नव्हता. धाकटी बहीण कॅथरिन हिने अपघातानंतर त्याची शुश्रूषा केली, त्याचे घर सांभाळले. तिने पन्नाशी ओलांडल्यावर, १९२६ मध्ये, विवाह केला तेव्हा त्याने तिच्याशी बोलणे टाकले. १९२९ मध्ये ती मृत्युशय्येवर असताना तो कसाबसा तिच्याकडे गेला. चार्ली टेलरला त्याने मृत्युपत्रात वर्षाकाठी ८०० डॉलर ठेवले खरे. पण तो कारागीर १९५६ मध्ये धर्मादाय रुग्णालयातच वारला.

उतारवयात ऑर्व्हिलकडे जुन्या सामानाचीच कामे येत राहिली. हेन्री फोर्ड यांनी सायकलचे दुकान आणि राइट यांचे राहते घर उचलून १९३७ च्या सुमारास डिअरबॉर्न येथील आपल्या संग्रहालयात नेले, तेव्हा दुकानातील मूळची यंत्रे शोधून काढण्याच्या कामी टेलरची नेमणूक झाली आणि ऑर्व्हिलने सल्ला दिला. डेटनमधील एका संग्रहालयासाठी १९०५ च्या विमानाचे ठिकठिकाणी विखुरलेले अवशेष जमवून ते पुन्हा उभे करण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली चालले होते. ते पुरे झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. २७ जानेवारी १९४८ रोजी सकाळी तो आपल्या घराची बिघडलेली दारावरची घंटा दुरुस्त करीत वरखाली फिरत होता. त्याच दिवशी त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली होती. त्या शोकात आपल्याकडे ही बातमी कोणाच्या लक्षात राहण्याचा प्रश्नच नव्हता.

विमान त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९४८ रोजी, एक डॉलर किमतीला स्मिथसोनियनच्या स्वाधीन झाले. राइट यांच्याआधी कोणाचेही यंत्र माणसाला घेऊन नियंत्रित उड्डाण करू शकत होते असे संस्थेने कधी म्हटले तर विमान परत घेतले जाईल, अशी अट वारसांनी करारात घातली. इतिहासाच्या एखाद्या निष्कर्षाला असे करारात बांधून टाकणे विद्येच्या दृष्टीने शोभादायक नाही, आणि त्यावर टीका होत आली आहे. परंतु १९१४ चा प्रकार ध्यानी घेता वारसांच्या अविश्वासालाही कारण होते. १९८५ मध्ये संग्रहालयाने ते यंत्र पुन्हा पुरते सुटे केले, धातूचे भाग साफ केले आणि ऑर्व्हिलने १९२७ मध्ये चढविलेले कापड उतरवून नवी मलमल चढविली.