सर सय्यद आणि न फिरणारी पृथ्वी

विद्यार्थी मित्रहो, सर सय्यद अहमद खान म्हटले की अलीगढचे कॉलेज आणि शुभ्र दाढीचा तो भारदस्त चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच सर सय्यदांनी १८४८ साली, तिशी गाठल्यावर, पृथ्वी फिरत नाही असे प्रतिपादन करणारी एक पुस्तिका लिहिली होती, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे काय?

हसू नका. १८१७ साली दिल्लीत जन्मलेला हा मनुष्य अडाणी नव्हता. आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन हे गणिताचे नावाजलेले जाणकार, घरात विद्येचा वारसा आणि स्वत: कंपनी सरकारच्या न्यायखात्यात मुन्सफ. जुन्या खगोलविद्येत जे शिकवले जात होते ते त्यांनी मन लावून आत्मसात केले होते आणि त्याच्याच बळावर ते वाद घालीत होते. शिकलेल्या माणसाला आपली चूक सोडणे अधिक कठीण जाते, कारण तिच्या समर्थनार्थ त्याच्यापाशी पुष्कळ मुद्दे असतात. आम्हा शिक्षकांना हे ठाऊक आहे. फळ्यावरची चूक एखाद्या मुलाने दाखवली की हातातले डस्टर लवकर उचलत नाही!

सय्यदांनी पुढे ते मत सोडले आणि पृथ्वीची गती मान्य केली. एवढेच नव्हे, तर १८६४ साली गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन करून इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्याचे काम त्यांनीच हाती घेतले.

हा बदल एका रात्रीत झाला असे मात्र समजू नका. मधल्या काळात त्यांनी अबुल फज्लच्या 'ऐन-ए-अकबरी'ची हस्तलिखिते ताडून, अपार मेहनत करून तिची आवृत्ती सिद्ध केली आणि मिर्झा गालिब यांच्याकडे प्रशस्ती मागितली. गालिब त्यांच्याहून वीस वर्षांनी वडील. त्यांनी फारसीत कविता लिहून पाठविली खरी, पण तिचा आशय असा की, जुन्या राज्याचे कायदे काय उजळीत बसला आहात, इंग्रजांची वाफेची यंत्रे आणि तारायंत्र पाहा! सय्यदांनी ती कविता ग्रंथात छापली नाही. थोर माणसालाही कडू बोल तत्काळ पचत नाहीत, हे यावरून दिसते. नंतर १८५७ आले. दिल्ली उद्ध्वस्त झाली, त्याच हालअपेष्टांत आई गेली आणि ज्या जुन्या दुनियेचा हिशेब ते मांडीत होते ती डोळ्यांदेखत संपली.

आता पालकहो, तुमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत तुम्ही आम्हाला विचारता. सर सय्यदांनाही तो पडला होता. पाश्चात्य विद्या देशी भाषेतूनच द्यावी असे त्यांचे ठाम मत होते आणि १८६७ साली तशा विद्यापीठासाठी व्हाइसरॉयकडे अर्जही गेला होता. १८६९-७० मध्ये ते इंग्लंड पाहून आले, १८७५ साली त्यांनी अलीगढला मदरसा काढला. पुढे १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना, देशी भाषेची कल्पना प्रथम आपणच उचलून धरली होती, पण अनुभवाने आपले मत पालटले, असे त्यांनी सांगितले. त्यांचे नवे मत बरोबर की जुने, यावर आजही वाद होऊ शकतो; माझ्या मते जुन्यातही बरेच तथ्य होते. पण ज्या कल्पनेसाठी मनुष्याने संस्था उभारली, तिच्याविरुद्ध सरकारी आयोगापुढे स्वत:च उभे राहायचे, तेही पासष्टीच्या घरात असताना, याला छाती लागते.

एका बाबतीत मात्र ते बदलले नाहीत. आधी मुलगे शिकू द्या, मुलींचे नंतर पाहू, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत राहिली. येथे त्यांचे चुकले, असे मी एका मुलीचा बाप म्हणून नि:संकोच लिहितो. २७ मार्च १८९८ रोजी ते वारले. त्यांच्याच कॉलेजात शिकलेले शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली त्याच अलीगढमध्ये मुलींची शाळा उघडली.