गोनीदा, चिंधी आणि आमची कॉमन रूम

सबमिशन संपलं की हॉस्टेलवर दोनच कामं उरतात, झोपणे आणि पिक्चर बघणे. पहिल्या वर्षी अशाच एका रात्री कॉमन रूममध्ये कुणीतरी 'जैत रे जैत' लावला. बाहेर भिवंडीच्या यंत्रमागांचा नेहमीचा खडखडाट, आत हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. निम्मी पोरं गाण्यांपुरती थांबून झोपायला गेली. मला मात्र स्मिता पाटीलची चिंधी काही केल्या डोक्यातून जाईना. दुसऱ्याच दिवशी लायब्ररीत जाऊन कादंबरी काढली, एका बैठकीत संपवली आणि खरं सांगतो, निराश झालो. पुस्तकात गाणी नव्हती ना! पिक्चरच भारी, असं रूमवर जाहीर करून टाकलं.

फायनल इयरला तीच कादंबरी पुन्हा वाचली. मधल्या काळात मी कर्नाळा चढून आलो होतो आणि लेखकाचं 'स्मरणगाथा' हे आत्मकथनही वाचलं होतं. गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा, हा माणूस कोण होता ते कळलं आणि मग पुस्तक वेगळंच दिसायला लागलं.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. सातवीत असताना स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर सोडलं, शाळा सुटली ती कायमची. (आपण एका के.टी.ने हातपाय गाळतो!) पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. नर्मदेची परिक्रमा पायी केली. या भटकंतीत खिशात पैसा नसायचा, मिळेल ते खायचं, जागा मिळेल तिथं पडायचं. १९४७ च्या सुमारास त्यांनी फक्त लेखणीवर जगायचं ठरवलं. पदवी नाही, नोकरी नाही, घर तळेगाव दाभाड्याला, आणि म्हणे लिहून पोट भरणार! त्या काळात घरच्यांनी काय सोसलं असेल याचा विचार मला हल्ली जास्त येतो.

पण लिहिलं. 'शितू' १९५३ साली आलं. कोकणातली बालविधवा आणि विसू यांचं प्रेम, जे धड बोललंही जात नाही. 'कुणा एकाची भ्रमणगाथा'त नर्मदेकाठी चालणारा तरुण आणि त्याच्यावर जीव लावणारी यशोदा. गोनीदांच्या प्रेमकथा अशाच. बागेत भेटणं, चिठ्ठ्या पाठवणं, श्रीमंत बापाचा विरोध, यातलं फारसं काही नाही. त्यांची माणसं कष्ट करता करता एकमेकांत गुंततात आणि बहुतेक वेळा किंमत बाई मोजते. 'पवनाकाठचा धोंडी'वर १९६६ मध्ये चित्रपट निघाला. किल्ल्यांचं वेड तर विचारू नका. रायगड-राजगडावर ते किती वेळा गेले त्याला गणती नाही, खांद्याला कॅमेरा असायचाच. आपल्याकडे ट्रेकिंग करणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये आजही 'दुर्गभ्रमणगाथा' सापडते.

'जैत रे जैत' कादंबरी १९६५ ची. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. मधमाशीच्या डंखाने नाग्याचा डोळा जातो आणि लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीला उठवायचंच, असा पण तो करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याला साथ देते. शेवटी नाग्याची जैत होते, पण चिंधी जाते.

चित्रपट १९७७ चा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, सतीश आळेकरांची पटकथा, ना. धों. महानोरांची गीतं, नाग्या मोहन आगाशे. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती. आता दोन्ही शेजारी ठेवून सांगतो. पिक्चरमध्ये गाणी गोष्टीला अक्षरशः उचलून नेतात. ढोल सुरू झाला की आपण नाग्याच्या बाजूने, त्याचा सूड म्हणजे आपला सूड. दोन-अडीच तासांत शंका घ्यायला फुरसतच मिळत नाही. आणि चिंधीचं ते सरळ डोळ्याला डोळा देऊन बघणं कागदावर कुणालाच जमणार नाही, गोनीदांनाही नाही, हे मान्य.

पण पुस्तकात ढोल नाही, त्यामुळे थांबता येतं. मी थांबलो. ठाकरांची बोली पहिल्यांदा अडखळवते, म्हणून तेव्हा मी पानं उडवली होती. या वेळी सावकाश वाचली, काही पानं तर मोठ्याने, पार्टनरच्या शिव्या खात. रान, डोंगर, माशा, सगळं जवळून बघितलेल्या माणसाचं लिहिणं आहे ते, ऐकीव नाही. आणि मग प्रश्न पडला की पण नाग्याचा, मग कड्याखाली जीव चिंधीचा का? नाग्याचा राग मला पहिल्या वर्षी शौर्य वाटला होता. आता तो बराचसा हट्ट वाटतो. चिंधीला हे कळत नव्हतं असंही नाही, तिने तरी साथ दिली. माझ्या मते हेच या गोष्टीतलं प्रेम आहे, आणि ते मला पिक्चर बघताना दिसलंच नव्हतं, मी गाणी गुणगुणत होतो.

'स्मरणगाथा'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १ जून १९९८ रोजी गोनीदा गेले.

कर्नाळ्याला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. भिवंडीहून कल्याण, शिळफाटा, पनवेल असं गेलात तर सकाळी लवकर निघा. वर सुळक्याला आजही आग्यामोहळं लटकलेली असतात. अत्तर, सेंट काही लावू नका, आरडाओरडा तर अजिबात नको. आम्ही गेलो तेव्हा एकाने तिथे उभं राहून चित्रपटातलं गाणं सुरू केलं, आणि आम्ही चौघांनी मिळून त्याचं तोंड दाबलं.