अहिल्याबाईंची खासगी



या वेळच्या चरित्रासाठी आम्हाला लांब जावं लागलं नाही. नर्मदामाईचा उत्तर काठ धरून खाली चाललं, तर आधी आपल्या देवास जिल्ह्यातलं नेमावर लागतं, बरंच पुढे धार जिल्ह्यातलं धरमपुरी, आणि या दोन्हींच्या मधे महेश्वर. तिथे बसून अहिल्याबाई होळकरांनी जवळजवळ २८ वर्षं कारभार केला. त्यांची देवळं आणि घाट सगळ्यांना माहीत आहेत. आम्ही या वेळी त्यांच्या हिशोबाबद्दल लिहितो आहोत, कारण दोन्ही केंद्रांत सध्या खर्चावरूनच बोलणी चालू आहेत. ते पुढे येईलच.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, नगरकडच्या चौंडी गावी. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. आठव्या वर्षी, १७३३ मध्ये, मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी लग्न झालं आणि त्या माळव्यात आल्या. पुढच्याच वर्षी बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावाने सुमारे ३ लाख रुपये उत्पन्नाची जहागीर लावून दिली. तिला खासगी म्हणत. फौजेचा, राज्याचा पैसा तो दौलतीचा. खासगीचा पैसा घरच्या बाईच्या हातातला. दोन्ही हिशोब वेगळे. गौतमाबाईंच्या मागे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली, आणि पुढचा सगळा दानधर्म त्यांनी यातूनच केला.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी हातापाया पडून थांबवलं. आणि थांबवून नुसतं घरात बसवलं नाही, कामाला लावलं. १७६५ मधल्या एका पत्रात ते सुनेला मोठा तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला आणि दारूगोळ्याची तजवीज ठेवायला सांगतात. घरातला वर्षाचा गहू आणि तूरडाळ आम्हीही भरतो, किती लागेल ते नजरेनेच कळतं. पण तोफेच्या गोळ्यांचा अंदाज घेणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा! आम्हाला वाटतं, वस्तू कुठे कच्ची चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, हे बाईंना तिथेच कळलं असणार.

१७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही हे पाहून राघोबादादा होळकरांच्या खजिन्यावर डोळा ठेवून फौजेसह आले. बाईंनी फौज सज्ज केली, शिंद्या-गायकवाडांना मदतीची पत्रं पाठवली, पुण्याला माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला, आणि दादा न लढता माघारी फिरले. हे तेच दादा, ज्यांनी १७५८ ची उत्तरेची मोठी मोहीम जिंकली पण येताना कर्ज घेऊन आले. धारकरांना त्यांची आठवण वेगळी आहे. पुढे दादांच्या पडत्या काळात आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आसऱ्याला होत्या आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये तिथेच झाला.

फौजेची कामं तुकोजी होळकरांकडे सोपवून अहिल्याबाई महेश्वरी राहिल्या. त्यांची दिनचर्या आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी त्यांच्या पश्चात वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यात होता, तेव्हा त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. त्यांना विचारून त्याने लिहून ठेवलं. पहाटे सूर्योदयाच्या आधी उठणं, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधं शाकाहारी जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा काम. अंगावर पांढरं लुगडं, दागिना जवळजवळ नाहीच. महेश्वरचा राजवाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. लाकडी खांबांची साधी माळवदी बैठक आणि पांढऱ्या चादरीची गादी बघून पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, राजवाडा कुठे आहे? पूजेसाठीसुद्धा नर्मदेकाठच्या मातीची छोटी शिवलिंगं करायची, पुजायची आणि नदीत सोडायची. ती प्रथा तिथे अजून चालू आहे.

एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला होता. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, एवढी स्तुती आपल्याला लागू नाही म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. त्या विद्वानाची पुढे विचारपूसही केली नाही. बिचारा!

आता याच बाईंचा दुसरा हात बघा. काशीला विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं १७८० मध्ये. आज त्याचं सोनेरी शिखर डोळ्यांत भरतं, पण तो सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंहांचा, पुढच्या शतकातला. बाईंनी घातला तो दगड. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं, तेही घडीव दगडाचं. आणि जिथे भव्यता नको होती तिथे केली नाही. १७८३ मध्ये सोमनाथाला भग्न देवळापासून थोड्या अंतरावर बेताचंच देऊळ बांधलं आणि शिवलिंग खाली तळघरात ठेवलं. काळ कसा होता ते त्यांना ठाऊक होतं. महेश्वरचे घाट दगडी, वाटेवरच्या विहिरी बांधीव. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणी पाजायला माणसं नेमलेली, नांगराच्या बैलांनासुद्धा पाणी. पाखरांना दाणा खाता यावा म्हणून उभी शेतं विकत घेतलेली.

विणकरांचंही तसंच. परंपरा अशी सांगतात की, सुरतेकडून आणि आणखी कुठून कुठून चांगले विणकर आणून त्यांनी महेश्वरात वसवले, आल्या-गेल्याला मानाचं वस्त्र इथलंच द्यावं म्हणून. किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी, नर्मदेच्या लाटा काठांत उतरल्या. स्वतः नेसायच्या साधं पांढरं, पण दुसऱ्याला द्यायचं वस्त्र मात्र उत्तम. आम्हा बायकांना हा भाग फार आवडतो हे कबूल करायला हरकत नाही.

आपल्यापाशी संपणाऱ्या गोष्टीत बाई कवडी-कवडी बघत, आणि जे आपल्यामागे अनोळखी माणसाच्या पायाखाली, तोंडाशी, अंगावर जाणार, तिथे हात आखडत नसत.

आपल्याकडची चर्चा होती कांबळ्यांची. कार्तिकात परिक्रमावासी निघतात, त्यांच्यासाठी दर वर्षी आपण काहीतरी करतो. काही जणांचं म्हणणं, पैसा भक्तांचा आहे, कुणी पेन्शनमधून देतं, कुणी दूध विकून. तेव्हा स्वस्तातली घ्यावी आणि जास्त जणांना द्यावी. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ती कांबळी दोन धुण्यांत विरतात, आणि पौषातल्या रात्री नर्मदेकाठी त्यांनी काही भागत नाही. चांगली लोकरीची दुप्पट महाग. शिवाय जड, आणि चालणाऱ्याच्या पाठीवर आधीच ओझं. मग असं ठरलं की, लोकरीची थोडीच घ्यायची आणि वाटायची नाहीत. मुक्कामाच्या जागी ठेवायची, रात्री पांघरायची, सकाळी घडी करून तिथेच ठेवून पुढे जायचं. विहीर कुणी पाठीवर घेऊन जात नाही! पैशाचा मेळ बसवायला या वर्षी फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचे हार बंद. त्यावर थोडी नाराजी आहे, ती आम्हाला माहीत आहे.

बाईंनाही नाराजी चुकली नव्हती. मोहिमांवरून तुकोजींची पैशाची मागणी सतत यायची, बाई आधीच्या रकमेचा हिशोब मागायच्या, आणि यावरून दोघांत वर्षानुवर्षं धुसफूस चालली. घरचं सुख तर उरलंच नव्हतं. नातू तरुणपणी गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि एकुलती एक मुलगी मुक्ताबाई आईने विनवूनही सती गेली. त्यानंतर काही दिवस बाईंनी अन्न-पाणी घेतलं नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. मग पुन्हा दरबारात येऊन बसल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरात त्यांनी देह ठेवला. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी. इकडच्या पंचांगात तीच भाद्रपदाची, म्हणून इंदूरला उत्सव भाद्रपदात म्हणतात. त्या दिवसांत नर्मदेला पूर असतो आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. आश्विनात पाणी उतरतं, चिखल धुऊन काढतात, आणि बायका त्याच पायऱ्यांवर दिवे सोडायला येतात.