फादर थॉमस स्टीफन्स : इंग्लंडचे पुत्र, मराठीचे शिष्य

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगलप्रसंगी एका थोर धर्मगुरूंचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. त्याला कारणही तसेच आहे. गोरेगाव व आसपासच्या खेड्यांतून आज प्रत्येक आईबापाची अशी इच्छा असते की, आपल्या मुलास इंग्रजी यावे. ती इच्छा रास्तच आहे. परंतु इंग्रजी शिकविणाऱ्याने आधी काय शिकले पाहिजे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. याचे उत्तर भारतात येऊन स्थायिक झालेल्या पहिल्या ज्ञात इंग्रजाच्या आयुष्यात सापडते. ते इंग्रज म्हणजे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स होत.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. त्या काळी पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमलाखाली कॅथॉलिक धर्म पाळणे हे संकटास आमंत्रण होते. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रद्धावान मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले व त्यांस दीर्घ बंदिवास भोगावा लागला. स्टीफन्स मात्र निसटले, आणि १५७५ साली रोम येथे संघात दाखल झाले. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसून सहा महिन्यांवर प्रवास करून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांस लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि आवडीने वाचले गेले.

गोव्यास आल्यावर त्यांस गुरुदीक्षा मिळाली व सासष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. तेथेच सुमारे चाळीस वर्षे त्यांनी घालविली. काही काळ ते तेथील विद्यालयाचे रेक्टरही होते. त्या प्रांताची स्थिती मोठी कठीण होती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. जुने ग्रंथ व गाणी यांस मनाई केली होती. लोकांच्या मनातील संताप १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे उसळला, व फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी तेथील प्रमुख गावकऱ्यांस बोलणीच्या निमित्ताने बोलावून ठार केले. या दोन्ही दुःखद गोष्टी लपवून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. कारण ज्या भूमीवर इतके रक्त सांडले, त्याच भूमीवर या परदेशी धर्मगुरूस लोकांचा विश्वास संपादन करावयाचा होता.

तो त्यांनी कसा केला? सत्तेची भाषा पोर्तुगीज होती, व स्वतःची मातृभाषा इंग्रजी. त्यांनी लोकांची भाषा धरली. बाजारात व घरात बोलली जाणारी कोंकणी ते शिकले, आणि पुराण-कीर्तनाची भाषा जी मराठी, तीही शिकले. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य त्यांनी नमूद केले आहे. युरोपातील पंडितांचे याकडे लक्ष जाण्यास पुढे कितीतरी काळ लोटावा लागला! त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले, ते त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते अगदी आरंभीचे होय.

परंतु त्यांची खरी कीर्ती ‘ख्रिस्तपुराण’ या ग्रंथामुळे आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती. सायंकाळी एकत्र बसून म्हणावे असे त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या समाजाचे हे दारिद्र्य केवढे असेल, हे वारकऱ्यांच्या या मुलखात निराळे सांगावयास नको. फादर स्टीफन्स यांनी ही उणीव ओळखली आणि बायबलातील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफिली. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा व दुसऱ्यात नव्या कराराचा विषय आहे. ग्रंथारंभी त्यांनी मराठी भाषेचा जो गौरव केला आहे, तो एखाद्या मराठी संतासही शोभावा असा आहे.

येथे एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातील वाचकांनी ध्यानात घ्यावी. ज्या भक्तिपरंपरेत ओवी वाढली, तिच्यातील संत नामदेव यांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नर्सी हे आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. पैठणचे एकनाथ महाराज १५९९ साली निवर्तले. म्हणजे सुमारे वीस वर्षे ते व फादर स्टीफन्स एकाच काळी भारतात होते. विल्टशायरच्या या पुत्राने जे भांडे उचलले ते आपल्या घरातले होते.

ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी टाइप तेथे उपलब्ध नसल्याने छपाई रोमन लिपीत झाली. १६१९ साली फादर स्टीफन्स प्रभूच्या घरी गेले. १६४९ व १६५४ साली ग्रंथ पुन्हा निघाला. मात्र १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. अशा प्रतिकूल काळातही लोकांनी हाताने नकला करून पुराण जपले व उपवासकाळात ते गायिले. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी ते प्रसिद्ध केले, व १९५६ साली पुणे येथे शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत प्रसिद्ध केले. फर्मान काढणारी सत्ता गेली, पुराण राहिले.

प्रिय बंधुभगिनींनो, खेड्यातील हायस्कुलात इंग्रजी शिकविणाऱ्या गुरुजनांस या चरित्रातून मोठा बोध घेता येईल. ज्या मुलाची घरची बोली गुरुजींस समजत नाही, हळद काढणीच्या वा सोयाबीनच्या दिवसांत बाक रिकामा का, हे ज्यांस ठाऊक नाही, ज्यांनी मुलाच्या घराचा उंबरठा पाहिला नाही, त्यांनी कितीही इंग्रजी पाठ करवून घेतली तरी ती जिभेवरच राहील. मुलास परकी भाषा द्यावी, पण त्याची भाषा हिरावून घेऊ नये. आईबापांनीही घरी मराठी बोलण्यास लाजू नये. एका इंग्रजाने तिला आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे दिली आहेत.

येत्या उपवासकाळात आपल्या प्रत्येक कुटुंबाने सायंप्रार्थनेनंतर ख्रिस्तपुराणातील दहा तरी ओव्या मोठ्याने वाचाव्यात, अशी आमची विनंती आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांकडूनच त्या वाचवून घ्याव्यात.